बर्फ उतरला की आधी डॉगवूडवर कात्री चालवा

मार्च सरत आलाय, मिनेसोटात ड्राइव्हवेच्या कडेचे बर्फाचे ढीग काळे पडून बसलेत आणि सगळ्यांना टोमॅटोच्या रोपांची घाई झालीय, पण त्याला मे उजाडेल. सध्या करायचं काम म्हणजे डॉगवूडची छाटणी, डोळे फुगून पानं फुटायच्या आत उरकून टाका.

मी बोलतोय ते लाल काड्यांचं झुडूप, नर्सरीत रेड ट्विग म्हणून मिळतं ते. पांढऱ्या-गुलाबी फुलांचं डॉगवूडचं झाड वेगळं, व्हर्जिनियाकडून आलेले लोक हौसेने इथे लावायला बघतात आणि ते इथल्या थंडीत टिकत नाही, पैसे वाया. झुडूप मात्र उणे ४०लाही हूं की चूं करत नाही (उणे ४०ला सेल्सियस काय नि फॅरनहाइट काय, एकच). गंमत म्हणजे आपल्याकडच्या रानातला अंकोल याच कुळातला, पण म्हणून हे पुण्याच्या गच्चीत नेऊ नका, याला हिवाळा लागतो.

आता रंगाचं. लालभडक असते ती नवी काडी, तीन-चार वर्षांची झाली की करडी, खरबरीत होते. मग विचारतात, रंग कसा गेला हो? अहो, छाटलंच नाही तर जाणारच. मी पहिल्या घरी याहून मोठा शहाणपणा केला होता, हेज ट्रिमर फिरवून मस्त गोल गरगरीत केलं, दोन वर्षांत वर सगळा गुंता आणि खाली नुसत्या उघड्या काड्या, उलटा धरलेला खराटाच.

तर वरवर कातरायचं नाही. झुडूप तीन वर्षांचं झालं की दरवर्षी सगळ्यात जाड, जुन्या काड्या शोधायच्या आणि साधारण एक तृतीयांश अगदी जमिनीलगत कापायच्या, त्यासाठी लॉपर म्हणजे लांब दांड्यांची मोठी कात्री घ्या, साध्या कात्रीने मनगट जातं. अगदीच जुनं, गचपण झालेलं असेल तर सगळंच सहा-आठ इंचांवर आणा, नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात ना, तसं समजा. धुमारे जोरात येतात, फक्त त्या वर्षी फुलं आणि पक्ष्यांना आवडणारी पांढरी फळं विसरा. आधीच आजारी असलेल्या झुडपावर हा प्रयोग नको.

छाटताना काड्यांची टोकं नीट बघा. सुरीने तिरकं कापल्यासारखं स्वच्छ दिसलं तर ससा, चिंध्या केल्यासारखं ओरबाडलेलं असेल तर हरीण, त्याला वरचे पुढचे दात नसतात म्हणून ते ओढून तोडतं. सशासाठी मी दोन फुटांची जाळी लावली होती, दीड फूट बर्फ साचला आणि ससेभाऊ बर्फावर बसून जाळीच्या वरचं आरामात खात होते. जाळीची उंची बर्फाच्या वर धरून मोजा.

नवीन लावणार असाल तर जमीन मोकळी होऊ द्या, खणायच्या आधी ८११ला (जमिनीखालच्या लाइनी दाखवून देणाऱ्या सेवेचा अमेरिकेतला नंबर) फोन करा, फुकट आहे, खालून गॅसची लाइन जात असेल तर त्यांची माणसं येऊन खुणा करून देतात. जागा उन्हाची हवी, सावलीत रंग फिका पडतो. पावळीचं पाणी पडतं तो ओला कोपरा याला चालतो, उलट पाण्याचा ताण पडला की काडीवर काळपट खोलगट चट्टे येतात, तसं दिसलं की चट्ट्याच्या बरंच खाली कापा आणि दर वेळी पातं अल्कोहोलने पुसा. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्याच, खताच्या फार मागे लागू नका. साधी जात सात-आठ फूट जाते आणि आडवीही पसरते, जागा कमी असेल तर इसान्टी घ्या, ती इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाचीच, किंवा अजून बुटकी हवी तर आर्क्टिक फायर. पिवळ्या काड्यांची फ्लाविरामियाही लालच्या शेजारी झकास दिसते.

आणि छाटलेल्या काड्या फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, मागच्या वर्षीच्या काड्यांचे आठ-दहा इंचांचे तुकडे करा, जमीन मऊ झाली की दोन तृतीयांश आत खोचा, ओल राहू द्या, बरेचसे जगतात. खालचं टोक सरळ आणि वरचं तिरकं कापून ठेवा, म्हणजे कुठली बाजू वर तो घोळ होत नाही, मी एकदा अख्खी ओळ उलटी खोचून महिनाभर पाणी घातलंय.