बदकाच्या पायातली रिंग: या चुका टाळा

दिवाळी उलटून आमच्या भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर (म्हणजे जुन्या मालगुजारांच्या तलावांवर) बदकं उतरली की फोन सुरू होतात. रिंग म्हणजे पक्ष्याचा प्रवास कळावा म्हणून अभ्यासकांनी त्याच्या पायात घातलेला, नंबर आणि पत्ता कोरलेला वाळा. "सर, रिंगवाला पक्षी दिसला!" कोणत्या पायात? "ते नाही पाहिलं." नंबर? "फोटो आहे ना." फोटोत मस्त पोहणारं तलवार बदक. पाय पाण्याखाली.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती घाईत नंबर वाचण्याची चूक. अर्जुनी मोरगावकडच्या एका तलावावर एका म्हाताऱ्या ढिवराच्या जाळ्यात असंच एक तलवार बदक अडकून मेलं. "याच्या पायात वाळा आहे जी," म्हणून त्याने तो काढला आणि नातीसाठी चुलीच्या राखेने घासून लख्ख केला. ॲल्युमिनियम ते, आधीच झिजलेलं. अक्षरं आणखी पुसट झाली. म्हाताऱ्याला काय बोलणार? कपाळावर हात मारला तो आमच्या पोरामुळे. त्याने मोबाईलच्या उजेडात नंबर वाचला, तळहातावर पेनने लिहिला, वाळा नातीला परत दिला आणि रात्रीच रिंग घालणाऱ्या संस्थेला मेल ठोकला. उत्तर यायला महिना गेला: या नंबरची रिंग एका छोट्या चिखल्याला, म्हणजे काठावर फिरणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याला, घातली होती. चिखल्याची रिंग बदकाच्या पायात शिरणारच नाही! इंग्रजी एकचा सात झाला होता, असा माझा अंदाज. ताळा करायला परत गेलो तर वाळा धानाच्या बांधीत कुठेतरी पडलेला. एक अख्खा प्रवास चिखलात गेला.

तेव्हापासून माझी सवय अशी. रिंगवर पातळ कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो. सगळ्या बाजूंनी फोटो. मग दुसऱ्याला, मी काय वाचलं ते न सांगता, वाचायला लावायचं. पत्ता, अक्षरं, आकडे जसेच्या तसे उतरवायचे. सोबत पक्ष्याची जात, तारीख, तलाव, गाव, तालुका. जिवंत पक्ष्याच्या पायातली रिंग मात्र काढायची नाही, कितीही हौस असली तरी.

नंबर जुळला की नवशिके नकाशावर पट्टीने रेघ ओढतात. सलीम अलींच्या काळात भरतपूरला रिंग घातलेली बदकं पुढे सायबेरियात सापडली, पण ते दोन ठिपके होते, रस्ता नव्हे. मधे बदक हिमालयावरून गेलं की वळसा घालून, हे रिंग सांगत नाही. त्याला सॅटेलाइट टॅग, म्हणजे पक्षी कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवणारं यंत्र, लागतं. शिवाय रिंग सापडते जिथे बंदूक, जाळं किंवा डोळस माणूस असतो तिथे. बाकी ठिकाणी बदकं जात नाहीत असं थोडंच आहे.

आता डीएनएचं वेड. "पीस लॅबला पाठवलं की गाव कळतं," असं मला एका पोराने ठणकावून सांगितलं. अरे बाबा, मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीकेंद्राबाहेरच्या, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा) डीएनए फक्त आईकडून येतो. बऱ्याच जातींत जोड्या हिवाळ्यातच जमतात आणि नर मादीच्या मागे तिच्या जन्मभूमीकडे जातो. घरजावईच म्हणा. त्यामुळे आईकडच्या डीएनएत प्रदेशाप्रदेशाचा फरक दिसू शकतो, पण पेशीकेंद्रातला डीएनए नर दरवर्षी इकडचा तिकडे मिसळत राहतो. एकच बघून निकाल देऊ नका. आणि तिकडच्या वीण करणाऱ्या पक्ष्यांचे नमुनेच हाती नसतील, तर जुळवणार कशाशी?

नमुन्यांचं थोडक्यात: पीस मुळासकट, कोरडं, कागदी पाकिटात. ओल्या प्लॅस्टिक पिशवीत बुरशीच मिळेल. फॉर्मलिन नको, डीएनए खराब होतो. पक्ष्यांच्या लाल पेशींत केंद्रक असतं, म्हणून रक्ताचा एक थेंब अल्कोहोलमध्ये ठेवला तरी भागतं. तो मात्र शिकलेल्या माणसानेच काढावा.

अडई आणि हळदी-कुंकू बदक इथलेच रहिवासी. त्यांना परदेशी पाहुण्यांत मोजू नका.

ऑक्टोबरात नरही मादीसारखे मळकट दिसतात. लिंग लिहिताना पंख नीट बघा, नाहीतर रकाना कोरा सोडा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीशिवाय बदक धरणं गुन्हा आहे. "फक्त रिंग घालायला धरलं" हे वनरक्षकाला सांगून बघा.

आणि मला फोन करण्याआधी बदक तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढेपर्यंत थांबा. दोन तास लागतील. चहाचा थर्मास न्या.