हार्ट ट्रान्सप्लांटनंतर गुंतागुंत झाली आणि मूल परत घरी आलं, आता काय आणि कसं करायचं

ट्रान्सप्लांट झालं की सुटलो असं वाटतं, निदान मला तरी वाटलं होतं. लेक पाच वर्षांची असताना नवीन हार्ट बसलं, सात महिने एकदम छान गेले आणि मग ठरलेल्या बायोप्सीत (हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासतात ती) रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर नवीन हृदयाला परकं समजून त्यावर हल्ला करत होतं, त्यावरचे उपचार चालू असतानाच इन्फेक्शन, असं करत करत दीड महिना परत हॉस्पिटलात. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा नुसता आनंद होता. दुसऱ्यांदा आणलं तेव्हा मी औषधांची पिशवी हातात धरून स्वयंपाकघरात उभी, आणि सुरुवात कुठून करायची तेच सुचेना. तेव्हा कुणीतरी क्रमाने सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या ट्रान्सप्लांट टीमने वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐकायचं.

आधी एक गोष्ट समजून घ्या

ऑपरेशनमध्ये जुनं हृदय काढून नवीन जोडताना त्याचे मज्जातंतू तुटतात. रक्तवाहिन्या शिवता येतात, मज्जातंतू नाही, पुढे काही वर्षांत थोडेफार जुळतात पण पूर्ण जुळतील याची खात्री नाही. त्यामुळे या हृदयाला त्रास झाला तरी छातीत कळ येईलच असं नाही. रिजेक्शन तर कित्येकदा काहीही लक्षण न दाखवता होतं, आमची तर बायोप्सीच्या आदल्या दिवशी गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होती. म्हणजे हे हृदय बोंब मारणार नाही हे धरूनच चालायचं. खाली जे काही वह्या, अलार्म आणि मोजमाप सांगतेय ते सगळं एवढ्याचसाठी.

1. डिस्चार्जच्या दिवशी चार प्रश्नांची उत्तरं लिहून घ्या

तोंडी नको, लिहूनच घ्या, कारण त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं. रात्री दोन वाजता नक्की कुठल्या नंबरवर फोन करायचा? ताप किती झाला की फोन करायचा (बहुतेक ठिकाणी 38 डिग्री सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट सांगतात)? डोस चुकला तर किती वेळापर्यंत द्यायचा आणि कधी सोडून द्यायचा? औषध घेतल्यावर उलटी झाली तर परत द्यायचं का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं औषधागणिक बदलतात म्हणून प्रत्येक औषधासमोर लिहायची. हा कागद फ्रीजवर लावा आणि फोटो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा, आजी-आजोबांच्या पण.

2. मुलाचं "नेहमीचं" काय ते वहीत लिहा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी एकाच वेळी वजन, ताप, नाडी आणि सांगितलं असेल तर बीपी. त्याखाली एक ओळ साध्या भाषेत, झोप कशी लागली, किती जेवली, जिना चढून आल्यावर धापा टाकत होती का. पहिले पंधरा दिवस मला हा खुळेपणाच वाटत होता, पण तिचं नेहमीचं काय हे माहीत असल्याशिवाय आज काय बदललंय हे कळणार कसं!

नाडीचं सांगायचं तर, हृदयाचा वेग आवरणारा मज्जातंतूही तुटलेला असल्याने या मुलांची नाडी शांत बसलेलं असतानाही इतर मुलांपेक्षा जलद असते. इंटरनेटवरचा तक्ता बघून घाबरायचं नाही, आपल्या वहीतल्या आकड्याशीच तुलना करायची.

मुलांमध्ये हृदयाचा त्रास बऱ्याचदा पोटातून दिसतो हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पोटदुखी, उलट्या, भूक जाणं, या गोष्टींना आपण "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडून देतो. इथे तसं सोडायचं नाही. बाकी लक्षणं म्हणजे एक-दोन दिवसात वजन वाढणं, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, नेहमीपेक्षा जास्त थकवा, धाप, नाडी फार जलद किंवा मध्येच अडखळणारी. तान्हं बाळ असेल तर दूध पिताना घाम येणं, पिता पिता दमून थांबणं, सारखी किरकिर. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन. चक्कर येऊन पडलं, ओठ निळे पडले, श्वास घेता येईना, तर फोनाफोनी करत बसू नका, थेट इमर्जन्सी.

आणि फोन करताना लाजू नका हो. मी पहिल्या महिन्यात इतक्यांदा फोन केला की पलीकडच्या नर्सताई माझा आवाज ओळखायला लागल्या होत्या, त्यातले बहुतेक फोन काहीच नसताना केलेले, पण एकदाही कुणी रागावलं नाही.

3. औषधं: वेळ म्हणजे वेळ

टॅक्रोलिमस (काहींना सायक्लोस्पोरिन असतं), म्हणजे रिजेक्शन होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, साधारण बारा बारा तासांनी द्यायचं असतं. शाळा आणि झोप दोन्ही सांभाळता येतील अशी वेळ एकदाच टीमला विचारून ठरवा आणि मग सुट्टी असो, प्रवास असो, ती हलवायची नाही. रक्तात याचं प्रमाण कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर किडनीवर ताण, हात थरथरणं, बीपी वाढणं. मधली पट्टी अरुंद असते.

रक्ततपासणीच्या दिवशी एक चूक जवळजवळ प्रत्येकजण एकदा करतो, मी पण केली. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळच्या डोसच्या आधी बघतात. त्या दिवशी डोस घरी द्यायचा नाही, सोबत घेऊन जायचा आणि रक्त दिल्यावर लगेच द्यायचा. मी घरूनच देऊन गेले, रिपोर्ट भलताच जास्त आला आणि दुसऱ्या दिवशी पोरीला परत सुई टोचावी लागली. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही, बरोबरच होतं तिचं.

दुसऱ्या औषधांशी होणारी भांडणं पण लक्षात ठेवा. आयबुप्रोफेन नको, किडनीवर आधीच ताण असतो. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरची बरीच औषधं टॅक्रोलिमसची लेव्हल वर नेतात, तर रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं खाली आणतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद. जडीबुटी, काढे, "इम्युनिटी वाढवणारं" काहीही बंद, आपण इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवलीय आणि प्रेमाने कुणीतरी ती वाढवायचं चूर्ण आणून देतं, त्याला नाही म्हणायला शिका. जुलाब लागले तरी लेव्हल बदलते (बऱ्याचदा वाढते), म्हणून दोन-चार वेळा पातळ झालं की कळवायचं. औषध दुकानदाराने "कंपनी वेगळी आहे पण औषध तेच" म्हटलं तर टीमला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि घरात निदान आठवड्याचा साठा जास्तीचा हवाच.

स्टिरॉइड अचानक थांबवायचं नाही, कितीही वैताग आला तरी. मायकोफेनोलेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं) आणि व्हॅलगॅनसिक्लोव्हिरच्या (व्हायरसवरचं औषध) गोळ्या घरी कुटू नका, पातळ औषध मिळतं का विचारा, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने ही औषधं हाताळण्याआधी विचारून घ्यायचं.

4. रिजेक्शनच्या उपचारानंतरचे पहिले महिने परत पहिल्यासारखे

इथेच बऱ्याच घरांची गफलत होते. आपल्याला वाटतं ट्रान्सप्लांट होऊन इतके महिने झाले, आता मोकळीक. पण रिजेक्शन थोपवायला शिरेतून मोठ्या डोसचं स्टिरॉइड देतात, बहुधा तीन दिवस, गरज पडली तर त्याहून जोरदार औषधं, अँटीबॉडीमुळे झालं असेल तर प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं वगैरे, आणि या सगळ्यात प्रतिकारशक्ती परत तळाला जाते. म्हणजे इन्फेक्शनच्या दृष्टीने घड्याळ शून्यावर. आधी बंद केलेली, इन्फेक्शनपासून बचावाची औषधं पुन्हा सुरू होऊ शकतात, गर्दी टाळणं पुन्हा सुरू, उपचार लागू पडला का बघायला बायोप्सी आणि इकोही (हृदयाची सोनोग्राफी) लवकर लवकर. हे माहीत असलं की "मागे गेलो" असं कमी वाटतं.

घरात काय करायचं, तर हात धुणं, खोकणाऱ्या पाहुण्याला स्पष्टपणे नंतर या म्हणणं, कच्चं दूध, कच्चं अंडं, अर्धंकच्चं मांस टाळणं. जवळपास खोदकाम किंवा पाडकाम चालू असेल तर तिकडून न्यायचं नाही, त्या धुळीत बुरशी असते. मांजराची घाण मुलाने साफ करायची नाही, पक्ष्यांच्या पिंजऱ्यापासून आणि कासवापासून लांब.

लसींबद्दल टीमला विचारल्याशिवाय काहीच नाही. जिवंत लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडातून द्यायचा पोलिओ, नाकातला फ्लू) सहसा या मुलांना देत नाहीत. भावंडांना मात्र लसी द्यायच्याच, फक्त पोलिओ तोंडातून न देता इंजेक्शनचा. फ्लूचं इंजेक्शन घरातल्या सगळ्यांनी. शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्याचं कळलं तर आपल्या मुलाच्या अंगावर पुरळ येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी फोन करा, संपर्कानंतर लवकरात लवकर द्यायचं संरक्षक इंजेक्शन असतं, ते 10 दिवसांच्या आत द्यावं लागतं.

ताप आला तर आधी मोजा, मग फोन, मग पॅरासिटामॉल. उलट केलं तर आकडाच गायब होतो.

5. स्टिरॉइडवालं मूल सांभाळणं

चेहरा गोल होतो, भूक अशी लागते की रात्री तीनला उठून जेवायला मागेल, आणि स्वभाव, त्याबद्दल काय सांगू. आमची मुळात शांत, पण त्या दिवसात रंगीत खडू मोडला म्हणून अर्धा तास रडायची. ते औषध बोलत असतं, मूल नाही, हे मी कपाटाच्या आत चिकटवून ठेवलं होतं, स्वतःसाठी. भुकेवर उपाय म्हणजे थोडं थोडं पण वारंवार, मीठ आणि साखर कमी, समोर दिसेल तिथे गोड ठेवायचंच नाही. सकाळचा डोस लवकर दिला तर झोप जरा बरी लागते, पण वेळ बदलण्याआधी विचारा. चेहऱ्यावरून कुणी चिडवलं तर मुलाकडे एक तयार वाक्य असू दे. आमचं होतं, "औषधामुळे आहे, कमी होईल." एवढंच, पुढे खुलासा नाही.

6. खेळू द्या, फक्त सावकाश सुरू करून सावकाश थांबवा

मज्जातंतू तुटलेलं हृदय पळायला लागल्यावर लगेच वेग घेत नाही, रक्तातल्या अॅड्रेनलिनची वाट बघतं, आणि थांबल्यावर लगेच शांतही होत नाही. म्हणून आधी पाच-दहा मिनिटं चालणं, मग खेळ, मग परत चालणं. हे पीटीच्या शिक्षकांना एका चिठ्ठीत लिहून द्या, नाहीतर ते एकतर शिट्टी वाजवून पळवतात किंवा कायमचं बाकावर बसवतात, आणि बाकावर बसवणं मला तरी जास्त वाईट वाटतं. छातीचं हाड नुकतंच जुळत असेल तर सहा ते आठ आठवडे जड उचलणं, लोंबकळणं नाही, आणि लहान मुलाला काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात पाठीखाली एक बुडाखाली. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन, या औषधांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

7. मूल गप्प झालं तर

दुसऱ्यांदा घरी आल्यावर आमची हट्ट करेना, काही मागेना, सगळे म्हणायचे किती शहाणी झालीय. मला ते शहाणपण आवडलं नाही. एका रात्री अंथरुणात विचारते कशी, "ए आई, मी औषध थुंकलं होतं एकदा, म्हणून झालं का गं?" सात आठवडे ते मनात घेऊन फिरत होती पोर. तेव्हा स्पष्ट सांगा, तुझ्यामुळे झालं नाही, आणि एकदा सांगून भागत नाही. लहान मुलं बोलण्यापेक्षा खेळातून सांगतात, बाहुली आणि सुई नसलेली सिरिंज देऊन बघा. टोचायच्या दिवशी "दुखणार नाही" असं खोटं नको, "टुचकन दुखेल, तू कुठला हात द्यायचा ते ठरव" चालतं. सुन्न करणारं क्रीम मिळतं, मागून घ्या.

हृदय कुणाचं होतं असंही कधीतरी विचारेल. जेवढं विचारलं तेवढंच खरं उत्तर द्या. झोप उडाली असेल, हॉस्पिटलचं नाव काढलं की थरथरत असेल तर टीममधल्या समुपदेशकांना सांगा, आणि हेच आईबाबांनाही लागू, मॉनिटरसारखी बीप ऐकू आली की माझ्या पोटात अजून गोळा येतो. भावंडाला आठवड्यातून एक तास असा द्या ज्यात हार्टचा विषयच नाही. माझ्या मुलाने तो तास मागून घेतला तेव्हा मला कळलं की मी किती महिने दिला नव्हता.

8. औषधं हळूहळू मुलाच्या हातात द्या

किशोरवयात डोस चुकवणं हे उशिरा होणाऱ्या रिजेक्शनचं मोठं कारण आहे, त्यामुळे सवय लहानपणापासून लावायची. सहा-सात वर्षांचं मूल डबीत गोळ्या भरायला मदत करू शकतं, नऊ-दहाला औषधांची नावं आणि ती कशासाठी हे सांगता यावं, बारा-तेराला डॉक्टरांशी पहिली पाच मिनिटं त्याने स्वतः बोलावं. पण हातात देणं म्हणजे लक्ष काढून घेणं नाही. चुकला डोस तर ओरडा मिळणार नाही हे मुलाला माहीत असू दे, ओरडलात तर पुढच्या वेळी लपवेल.

लेक आता अकराची आहे. सकाळचा अलार्म तिच्या घड्याळात वाजतो, तीच उठते, तीच पाणी घेते. माझा मी अजून बंद केलेला नाही, फक्त पाच मिनिटं पुढे ढकललाय.