ग्वार गमचे गुठळ्यांविना द्रावण कसे करावे

ग्वार गम म्हणजे गवारीच्या बियांपासून काढलेली, द्रव दाट करणारी डिंकाची भुकटी. तिच्या गुठळ्या होतात म्हटले की ‘पाणी गरम घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. तो पाळू नका. या डिंकाची बहुशर्करा (अनेक साखर-घटक जोडून बनलेला मोठा रेणू) म्हणजे मॅनोज या साखरेची लांब, सरळ साखळी आणि तिच्यावर साधारण दर दोन मॅनोजमागे गॅलॅक्टोज या दुसऱ्या साखरेची एक फांदी. या फांद्यांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, त्यांच्यामध्ये पाणी शिरते आणि भुकटी थंड पाण्यातही फुगते. कॅरोब झाडाच्या बियांपासून मिळणाऱ्या कॅरोब डिंकात चार मॅनोजमागे एकच फांदी असल्याने त्याला सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते; गरम पाण्याचा सल्ला त्याच्यापुरता योग्य आहे.

एक लिटर थंड पाण्याला पाच ग्रॅम भुकटी घ्या.

खरी कसोटी भुकटी पाण्यात सोडताना लागते. ढीग एकदम पडला की त्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट कवच बनतो आणि आत पाणी जाऊच शकत नाही. अशी गुठळी कापून पाहा: कडेला पारदर्शक लगदा, मध्ये कोरडी पांढरी पूड. म्हणून कण आधीच एकमेकांपासून सुटे करावे लागतात. भुकटी आठ-दहा पट कोरड्या साखरेत नीट मिसळावी. साखर चालणार नसेल, तर भुकटी ग्लिसरिनमध्ये कालवावी, कारण ग्लिसरिनमध्ये ती फुगत नाही. मग पाणी ढवळून खोल भोवरा करावा आणि त्याच्या उतारावर मिश्रण भुरभुरत सोडावे. द्रव दाटून भोवरा मिटण्याआधी सगळे मिश्रण आत गेलेच पाहिजे. भुकटीवर पाणी कधीही ओतू नये. तरीही गुठळ्या झाल्याच, तर त्या मोडण्यासाठी मिक्सर बराच वेळ वेगाने फिरवू नये. त्याने साखळ्या तुटतात आणि द्रावण कायमचे पातळ होते. गुठळ्या गाळून टाकाव्यात.

दोन तास झाकून ठेवा, म्हणजे पूर्ण दाटपणा येईल.

हेच प्रमाण अरबी डिंकाला लावू नका. त्याचा रेणू अतिशय फांद्यादार आणि आटोपशीर असतो, त्यामुळे इतक्या कमी प्रमाणात तो पाणी जेमतेम दाट करतो. त्याच्यातील थोडीशी प्रथिने तेलाचे थेंब पाण्यात धरून ठेवतात, म्हणून पेयांतील सुगंधी तेलांसाठी तोच घ्यावा. सॉस, आइस्क्रीम किंवा कापडछपाईची खळ दाट करायला मात्र ग्वार गमच हवा.

तयार द्रावणात जंतू लवकर वाढतात; ते फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवा.