विंडोजच्या पोटात लिनक्स: डब्ल्यूएसएल बसवणं आणि बिघडलं तर दुरुस्त करणं

विंडोज सबसिस्टिम फॉर लिनक्स, म्हणजेच डब्ल्यूएसएल, २०१६ साली आलं तेव्हा तो लिनक्सच्या सिस्टिम कॉल्सचं (प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे करतात त्या मागण्यांचं) विंडोजसाठी भाषांतर करणारा एक थर होता. २०२० पासून मिळणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो. थोडक्यात, तुमच्या कॉम्प्युटरच्या आत आणखी एक कॉम्प्युटर बसतो. त्याची डिस्क वेगळी, मेमरी वेगळी, घड्याळही वेगळं. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ याच वेगळेपणात आहे.

(कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.)

विंडोज ११ हवं, किंवा विंडोज १० ची २००४ ही आवृत्ती (बिल्ड १९०४१) वा त्यापुढची. होम एडिशनही चालते. पॉवरशेल (विंडोजमधली कमांड टाइप करायची खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’ द्या आणि मशीन रिस्टार्ट करा. वेगळं काही सांगितलं नाही तर लिनक्सचा उबुंटू हा प्रकार बसतो. पहिल्यांदा उघडल्यावर युजरनेम आणि पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. न थांबता पूर्ण टाइप करून एंटर दाबा. विंडोजच्या पासवर्डशी याचा काही संबंध नाही. विसरलात तर पॉवरशेलमधून ‘डब्ल्यूएसएल -यू रूट’ देऊन आत जा आणि ‘पासडब्ल्यूडी’च्या पुढे आपलं युजरनेम लिहून नवा पासवर्ड ठेवा.

बसवतानाच ०एक्स८०३७०१०२ हा एरर आला, तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. व्हर्च्युअलायझेशनपुढे ‘डिसेबल्ड’ दिसलं तर ते बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन चालू करावं लागतं: इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. टास्क मॅनेजरमध्ये आधीच ‘एनेबल्ड’ असेल, तर विंडोज फीचर्सच्या यादीत ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’वर टिक आहे का ते बघा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून ‘/एमएनटी/सी’ या वाटेने उघडला, तर गिट, एनपीएम या प्रोग्रामरांच्या साधनांसारखी हजारो बारीक फायलींना हात लावणारी कामं रखडतात, कारण प्रत्येक फाइल दोन मशीनमधली हद्द ओलांडून येते. म्हणून लिनक्सची कामं लिनक्सच्याच होम फोल्डरमध्ये ठेवा. विंडोजमधून त्या फायली हव्या असतील तर लिनक्समध्ये ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ लिहून एक जागा सोडून टिंब द्या. ते फोल्डर नेहमीच्या खिडकीत उघडतं. याच हद्दीवरची दुसरी ठेच म्हणजे विंडोजमध्ये लिहिलेली शेल स्क्रिप्ट (कमांड लिहून ठेवलेली फाइल) लिनक्समध्ये चालत नाही आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणते. विंडोज ओळीच्या शेवटी एक जादा, न दिसणारं चिन्ह टाकतं. ‘डॉसटूयुनिक्स’ हे पॅकेज बसवा (नावात ‘टू’च्या जागी इंग्रजी २ आहे) आणि त्याच नावाच्या कमांडपुढे फाइलचं नाव देऊन ती दुरुस्त करून घ्या.

मशीन जड झालं आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएममेम’ नावाने सुरू होणारी प्रक्रिया मेमरी खाताना दिसली, तर तिला लगाम घाला. सी ड्राइव्हवरच्या तुमच्या युजर फोल्डरमध्ये ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ ही फाइल करा, पहिल्या ओळीत चौकटी कंसात ‘डब्ल्यूएसएल२’ आणि दुसऱ्या ओळीत ‘मेमरी=४जीबी’ लिहा. आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार आम्हाला योग्य वाटतात. ब्राउझरलाही जागा लागतेच. नोटपॅड नावामागे गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतं आणि मग फाइल वाचलीच जात नाही, तेव्हा सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. बदल लागू व्हायला ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ देऊन दहाएक सेकंद थांबा.

लिनक्समधून इंटरनेट लागेना आणि ‘टेंपररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ आलं की आधी ऑफिसचं व्हीपीएन बंद करून बघा. त्याने सुटलं, तर विंडोज ११ च्या २२एच२ आणि पुढच्या आवृत्त्यांत त्याच कॉन्फिग फाइलमध्ये ‘नेटवर्किंगमोड=मिरर्ड’ लिहिणं हा आमच्या मते सरळ उपाय आहे. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ‘एपीटी अपडेट’ (उबुंटूची पॅकेजची यादी ताजी करणारी कमांड) म्हणालं की रिलीज फाइल अजून वैध नाही, तर लिनक्सचं घड्याळ मागे पडलं आहे: ‘सुडो एचडब्ल्यूक्लॉक -एस’ ही कमांड द्या. लिनक्सच्या खिडकीवाल्या अ‍ॅपमध्ये मराठीऐवजी चौकोन दिसले, तर ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज बसवा.

काहीच जमलं नाही की ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर उबुंटू’ वापरून पुन्हा बसवावंसं वाटतं. सावकाश! ही कमांड पुन्हा न विचारता लिनक्समधली प्रत्येक फाइल पुसून टाकते आणि ती रिसायकल बिनमध्येही सापडत नाही. त्याआधी ‘डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट उबुंटू’ आणि पुढे दुसऱ्या ड्राइव्हवरच्या टार फाइलचा (सगळं एकत्र बांधून ठेवणाऱ्या फाइलचा) पत्ता द्या, ती फाइल खरंच तयार झाली आहे आणि तिचा आकार शून्य नाही हे डोळ्यांनी बघा, मगच अनरजिस्टर करा.