विंडोज मारताना पीसी मध्येच बंद पडतो? या चुका टाळा

"दादा, तीनदा विंडोज मारली, तिन्ही वेळा निळी स्क्रीन!" सिडकोतल्या माझ्या दुकानात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी येतंच. मी उलट विचारतो, दर वेळी त्याच टक्क्याला अडकतं की वेगवेगळ्या? बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. एकाच जागी अडकत असेल तर पेनड्राइव्ह किंवा ड्रायव्हरवर संशय घ्या. एकदा ११, एकदा ६२ असं होत असेल तर रॅम तरी गेलीय, नाहीतर मशीन तापतंय.

हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. ऐन द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसचा पीसी आला. निर्यातीच्या सगळ्या नोंदी त्यावर, मालक काउंटरवरून हलेनात. आधी २३ टक्क्यांवर निळी स्क्रीन, मग ७१ वर 'फाइल करप्ट', तिसऱ्यांदा आपोआप रीस्टार्ट. मी आयएसओ, म्हणजे विंडोजची इन्स्टॉलेशन फाइल, पुन्हा उतरवली, पेनड्राइव्ह बदलला, नवी एसएसडी लावली. त्यांच्या घाईत मीही वाहवलो. रात्री अकराला रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलं आणि पाच मिनिटांत लाल ओळींची रांग लागली. रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एक खराब.

इन्स्टॉलर आवळून बांधलेल्या फाइली रॅममध्ये उलगडतो आणि मग डिस्कवर लिहितो. पट्टीत एक बिट उलटला तरी पुढे लिहिलं जातं ते चुकीचंच. नाव फाइलचं खराब होतं, खोट असते रॅमची.

आता माझी सवय ठरलेली. पीसी बंद करून प्लग काढायचा, पट्टीचे सोनेरी पाय खोडरबरने हलक्या हाताने पुसायचे, एकच पट्टी लावायची, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रॅम जास्त वेगाने पळवणारं एक्सएमपी बंद. मेमटेस्टची निदान एक पूर्ण फेरी झाल्याशिवाय पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

दुसरा त्रास पॉवर बटणाचा. टक्का दहा मिनिटं हलला नाही की लोक बटण दाबून धरतात. अहो, जुनी हार्डडिस्क आहे, दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे! चहा घेऊन या. पावसाळ्यात यूपीएसशिवाय इन्स्टॉलेशन सुरू करू नका. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

यूट्यूबवरच्या 'लाइट', म्हणजे कुणीतरी काटछाट केलेल्या विंडोजबद्दल मी बोलणंच सोडलंय. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो.

नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्कच दिसत नाही? ती मेलेली नाही. व्हीएमडी हे इंटेलचं डिस्क सांभाळणारं तंत्र चालू असतं, इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून तिथूनच लोड करा. उबुंटू लिनक्समध्ये एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डमुळे काळी स्क्रीन आली तर बूट ओळीत 'नोमोडसेट' (nomodeset) लिहून बघा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या पीसीवर विंडोज ११ बसवून मागणारे वाढलेत. टीपीएम या सुरक्षा चिपची अट चुकवायची युक्ती त्यांना पाठ असते. पण ११ च्या २४एच२ आवृत्तीला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना लागते आणि ती कोअर टू ड्युओत नाहीच, त्यामुळे ते मशीन बूटच होत नाही. त्यावर लिनक्स टाकून देतो म्हटलं की पुढच्या दुकानात जातात.