घराला चाकं लावून दक्षिणेला: काम करत टेक्सास गाठायचं कसं

मिनेसोटात नोव्हेंबरपासून फावड्याने बर्फ उपसायचा नसेल तर लोक फ्लोरिडात दुसरं घर घेतात. ते आमच्या खिशाबाहेरचं होतं, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही घरालाच चाकं लावली. मोटरहोमही स्वस्त नसतं, पण मुक्कामाच्या जागी काम करायची तयारी असेल तर हिशेब जमतो. याला इथे वर्ककॅम्पिंग म्हणतात. आठवड्याला ठरलेले तास काम करायचं, बदल्यात गाडी लावायला जागा, वीज, पाणी, सांडपाण्याची सोय आणि कुठे कुठे वर पगार. मंडळाच्या दिवाळीला आम्ही आता गावात नसतो, त्यामुळे "कसं करता हो तुम्ही हे?" हा प्रश्न फोनवर येतो. दरवेळी तेच सांगायचं, तर एकदा लिहूनच काढते.

आधी कडू गोष्ट. सांगली-पुण्याहून सहा महिने आलेल्या आईवडिलांना सोबत घेऊन फिरा, पण कामाला लावू नका. व्हिजिटर व्हिसावर काम चालत नाही, आणि "पगार कुठे घेतोय, नुसती जागाच तर घेतोय" ही पळवाटही चालत नाही. कामाबद्दल मिळालेली जागा हा मोबदलाच. एच-वन या नोकरीच्या व्हिसावाल्यांना ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याकडेच काम करता येतं, म्हणजे त्यांनाही हे नाही. त्यांच्या जोडीदाराच्या एच-फोर व्हिसाला वर्क परमिट असेल तरच. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलं की प्रश्न नाही. पगारी कामात पहिल्याच दिवशी आय-नाइन हा काम करायच्या हक्काचा सरकारी फॉर्म भरावा लागतो आणि कामाच्या तीन दिवसांत कागद दाखवावे लागतात, तेव्हा ते गाडीत हाताशी ठेवा.

आता मुख्य मुद्दा. आपली सवय अशी की आधी नकाशा काढायचा, काय काय बघायचं ते ठरवायचं आणि मग राहायची सोय शोधायची. इथे उलटं करा. आधी कामाच्या तारखा धरा, त्यातून रस्ता आपोआप ठरतो. उत्तरेतलं काम असं निवडा की ते थंडी पक्की बसायच्या आत संपेल, आणि दक्षिणेतलं असं की थंडीभर पुरेल. मधल्या रस्त्यावर काम शोधूच नका; पोचायला एक दिवस, शिकायला तीन, आणि रुळेपर्यंत निघायची वेळ.

उत्तरेतलं आमचं काम म्हणजे शुगर बीट. मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या मधून वाहणाऱ्या रेड रिव्हरच्या खोऱ्यात हे पीक मैलोन् मैल असतं. मी मूळची सांगलीकडची, साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या गावातली, त्यामुळे इथला हंगाम पाहून मला परकं वाटलंच नाही. इथली अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीसुद्धा १९७३ पासून शेतकऱ्यांच्याच मालकीची, म्हणजे आपल्या भाषेत सहकारी साखर कारखाना. क्रुक्स्टन, ईस्ट ग्रँड फोर्क्स, मूरहेड, हिल्सबरो आणि ड्रेटन इथे तिचे कारखाने आहेत. मोठी काढणी १ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते आणि हवामानाने साथ दिली तर दोनेक आठवड्यांत आटोपते. चोवीस तास काम, बारा-बारा तासांच्या पाळ्या. शेतातून ट्रक येतात, पायलर नावाचं अजस्र यंत्र बीट उतरवून घेतं, माती झटकतं आणि त्यांचा लांबच लांब ढीग रचतं. आपण ट्रक रांगेला लावायचे, साखरेचा उतारा तपासायला नमुन्याची पिशवी भरायची, यंत्राखाली सांडलेला चिखल फावड्याने ओढायचा. यात कौशल्य काही नाही, पण उभं राहायची ताकद लागते. गुडघे कुरकुरत असतील तर हे काम सोडून द्या. ऑक्टोबरात पंपकिन विकायच्या मळ्यांवर हलकी कामं मिळतात.

बीटच्या कामात पगार चांगला, ओव्हरटाइम मिळतो आणि गाडी लावायची सोय काम देणारेच करतात. मेख एवढीच की ऊन तापलं तर काढणी थांबते, कारण गरम बीट ढिगात सडतं. आणि कडाक्याने गोठलं तरी थांबते. थांबलेल्या पाळीचा पैसा सहसा मिळत नाही. तेव्हा दोन आठवड्यांचा पूर्ण पगार आधीच खर्चात धरू नका. आणखी एक, आपलं आपल्यातच सांगते: बीडकडून उचल घेऊन आमच्याकडे येणाऱ्या ऊसतोड टोळ्या मी लहानपणापासून पाहिल्यात. इथे पाळी संपल्यावर गरम पाण्याने अंघोळ करणारे आपण, तेव्हा "किती कष्ट हो" असं मी तरी फोनवर सांगत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिथून निघायचं. इंटरस्टेट २९ हा महामार्ग फार्गोवरून सू फॉल्स, ओमाहाच्या कडेने थेट कॅन्सस सिटीला जातो. तिथून ३५ धरला की विचिटा, ओक्लाहोमा सिटी, डॅलस आणि सॅन अँटोनिओ. विचिटाकडच्या टोलरस्त्यावर आता पैसे घेणारं कोणी बसत नाही, नंबरप्लेट पाहून बिल घरी येतं, तेव्हा टपाल कोण उचलणार ते ठरवून निघा. आरव्हीवाल्यांचा (आरव्ही म्हणजे अशी राहती गाडी) एक तीन-तीन-तीनचा नियम आहे: दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि एका जागी तीन रात्री. तिसरा तीन आम्ही पाळत नाही, पहिले दोन मात्र सोडू नका. अंधारात अनोळखी कॅम्पग्राउंडमध्ये गाडी मागे घेणं हा संसाराच्या परीक्षेचा प्रकार आहे. साउथ डाकोटा ते ओक्लाहोमा आडवा वारा फार. ताशी ३५ मैलांच्या पुढे झोत असतील तर चहा करा, पुस्तक काढा, निघू नका. एका रात्रीपुरतं काही वॉलमार्टच्या आवारात थांबता येतं, पण प्रत्येक दुकानाचा नियम वेगळा, मॅनेजरला विचारूनच. वयाची बासष्टी उलटली असेल तर केंद्र सरकारच्या उद्यानांचा ८० डॉलरचा आयुष्यभराचा सीनियर पास काढाच. नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना तो मिळतो, आणि आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स या धरणं-तलाव सांभाळणाऱ्या लष्करी खात्याच्या तलावाकाठच्या कॅम्पग्राउंडवर त्याने भाडं निम्मं होतं. वाटेतले आमचे बहुतेक मुक्काम तिथेच असतात.

आता दक्षिणेतलं काम. टेक्सासात पर्याय भरपूर: राज्याच्या उद्यानांत पार्क होस्ट, म्हणजे तिथे राहून पाहुण्यांना मदत करणारे, रिओ ग्रँड व्हॅलीतल्या खासगी आरव्ही पार्कांत ऑफिस आणि देखभाल, तेलविहिरींच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची नोंद. फाटकाचं काम पैशाला बरं, पण दिवसरात्र घंटी वाजते. जोडप्यातलं एक कायम जागं. माझी पसंती वन्यजीव आश्रयस्थानांना. कॉर्पस क्रिस्टीच्या वर, किनाऱ्यालगत अरान्सास आहे. तिथे हूपिंग क्रेन हे पांढरे शुभ्र क्रौंच कॅनडातल्या वुड बफेलोहून सुमारे ४,००० किलोमीटर उडून हिवाळ्याला येतात. १९४१ मध्ये इथे येणारे जेमतेम पंधरा-सोळा उरले होते. आज हा थवा ५०० च्या पुढे गेलाय. स्वयंसेवकांना गाडीची जागा मिळते, पगार नाही. माहिती केंद्रात बसायचं, पायवाटा साफ करायच्या, दुर्बीण हातात देऊन लोकांना पक्षी दाखवायचे. अशी सरकारी कामं व्हॉलंटीअर डॉट गव्ह या संकेतस्थळावर मिळतात.

होकार देण्याआधी मात्र कागद-पेन्सिल घ्या. समजा जागेचं बाजारभाडं महिन्याला ६०० डॉलर आहे आणि पार्कवाला म्हणतो, आठवड्याला २० तास. महिन्याचे झाले ८६ तास, म्हणजे तासाला सुमारे ७ डॉलर. ठीक आहे. पण तो २० तास जोडप्याचे मिळून म्हणतोय की प्रत्येकी? प्रत्येकी असतील तर तासाला साडेतीन डॉलर. या एका प्रश्नावर निम्म्या जाहिराती गळतात. जास्तीच्या तासांना पगार आहे का, विजेचं बिल कोण भरणार, दोघांची सुट्टी एकाच दिवशी येते का, एकजण आजारी पडला तर जागा राहते का, हे सगळं ईमेलवर लिहून घ्या. "ते बघू आपण आल्यावर" असं म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ठरलेलं काम कुंड्यांना पाणी घालायचं आणि गेल्यावर हातात संडास धुण्याचा ब्रश, असं आमच्या ओळखीच्या एका जोडप्याचं झालंय. संडास धुण्यात कमीपणा नाही, पण ठरलेलं ते ठरलेलं.

गाडीबद्दल थोडक्यात. टायर नवे दिसतात म्हणून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात, ३४२१ म्हणजे २०२१ सालचा ३४ वा आठवडा. मोटरहोमचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. सामान भरून झालं की ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर गाडी एकदा तोलून घ्या. उत्तरेत असताना रात्री पारा ३२ फॅरनहाइटच्या, म्हणजे गोठणबिंदूच्या, खाली जाणार असेल तर पिण्याच्या पाण्याची टाकी भरून घ्या आणि बाहेरचा पाण्याचा पाइप काढून ठेवा. विजेवर तापणारा पाण्याचा पाइप असेल तर तो दक्षिणेत पोचलो म्हणून विकून टाकू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये अख्खा टेक्सास गोठला होता. मैल्याच्या टाकीची झडप कायम बंद ठेवायची, टाकी दोन तृतीयांश भरली की मगच सोडायची. कारण विचारू नका, जेवताना वाचत असाल.

स्वयंपाकाबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण इंग्रजीत हे कोणी लिहीत नाही. ३० अँपिअरच्या जोडणीवर तुम्हाला ३,६०० वॉट मिळतात. हीटर १,५००, इन्स्टंट पॉट (विजेचा कुकर) १,०००, त्यात मायक्रोवेव्ह लावला की अंधार. तेव्हा भात शिजताना हीटर बंद. फोडणी आत केली की धुराचा भोंगा हमखास बोंबलतो, आणि त्याची बॅटरी काढून ठेवायचा मोह होतो. तो भोंगा काढायचा नाही, आणि जमिनीलगतचा गॅसचा तर मुळीच नाही. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला की खालीच साचतो. त्यापेक्षा बाहेरच्या टेबलावर इंडक्शन मांडा आणि मोहरी तिथे तडतडू द्या. चार शेजारी वास घेत येतात, ओळखी होतात, आणि पुढच्या हंगामाची चांगली कामं अशा ओळखींतूनच कळतात. कणीक, ज्वारीचं पीठ, पोहे डॅलसजवळ आयर्विंगला भरून घ्या. गोडा मसाला घरूनच.

औषधपाणी आणि कर या दोन गोष्टी निघण्यापूर्वी बघा. मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा; त्याऐवजी खासगी कंपन्यांकडून घ्यायच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेजचे बरेच प्लॅन ठराविक भागातल्या डॉक्टरांपुरते असतात. चार महिने दुसऱ्या राज्यात काढायचे तर मूळ मेडिकेअर सोयीचं. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, लवकर सुरू केली असेल तर कमाईला मर्यादा आहे, २०२५ साली ती २३,४०० डॉलर होती. त्यावर गेलात की दर दोन डॉलरमागे एक रोखून धरतात. जागेच्या मोबदल्यावरही कर लागू शकतो. मालकाच्या आवारात, त्याच्या सोयीसाठी आणि नोकरीची अट म्हणून तुम्ही राहत असाल तरच सूट, म्हणून ती अट पत्रात लिहून घ्या.

व्हॅलीत गेलात तर विंटर टेक्सन, म्हणजे हिवाळ्यापुरती टेक्सासात येणारी, मंडळी दात आणि चष्म्यासाठी पूल ओलांडून चालत मेक्सिकोतल्या नुएवो प्रोग्रेसोला जातात, ते खरंच स्वस्त पडतं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी सोबत ग्रीन कार्ड न्यावं. व्हॅलीतून उत्तरेला परततानाही सरिता किंवा फाल्फुरियसला बॉर्डर पट्रोल या सीमा पोलिसांचं तपासणी नाकं लागतं, तेव्हा कार्ड खिशात हवं, मागच्या कपाटात नको. निघायच्या आधी, फेब्रुवारीतच, पुढच्या हिवाळ्याचं विचारून ठेवा. चांगल्या जागा उन्हाळ्यापर्यंत उरत नाहीत.