शाळेच्या बसचं घर करताना या चुका टाळा

अमेरिकेत शाळेची पिवळी बस बारा-पंधरा वर्षं चालली की लिलावात निघते, आणि आमच्यासारखी माणसं ती घेऊन तिचं फिरतं घर करतात. इथे अशा घराला ‘स्कूली’ म्हणतात. ओहायोत आमच्या दारात अशी बस दोन वर्षं उभी होती. आता उन्हाळाभर आम्ही तिच्यातच राहतो. त्यानंतर ओळखीच्या आणखी तीन कुटुंबांच्या बसच्या कामात हातभार लावला. चूक सगळ्यांची तीच झाली. ओटा कुठे, पलंग कुठे, कपाटं किती याचे नकाशे आधी काढले आणि पाण्याचा विचार शेवटी केला. बस म्हणजे पत्र्याची पेटी. तिच्यात पाणी छतातून येतं, खालून येतं आणि आपल्या श्वासातूनही येतं.

घेताना फक्त मीटर बघणं

कमी धावलेली बस म्हणजे चांगली बस, असं नाही. ओहायो, मिशिगन, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चासीच्या, म्हणजे बसच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, सांध्यासांध्यांत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या हवेतली, जास्त धावलेली बस मी केव्हाही आधी घेईन, मग ती आणायला दोन हजार किलोमीटर जावं लागलं तरी चालेल. बॅटरी आणि हातोडी घेऊन बसखाली झोपा. पत्रा ठणठणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला आणि पोपडे गळले तर परत फिरा.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला ‘डीओटी’पुढच्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. बस बरीच वर्षं नुसती उभी असेल तर नक्षी नव्यासारखी आणि रबर म्हातारं, असं हमखास असतं.

फरशी न उखडणं

ही चूक आम्ही केली, म्हणून जरा सविस्तर सांगते. शाळेच्या बसमध्ये वर काळी रबर मॅट, तिच्याखाली प्लायवूड आणि त्याखाली लोखंडी पत्रा असतो. सीटचे बोल्ट बऱ्याचदा या सगळ्यांतून आरपार गेलेले असतात. वर्षानुवर्षं मुलं बर्फाने भिजलेले बूट घालून चढतात आणि ते पाणी बोल्टच्या कडेने खाली झिरपतं. आमची मॅट वरून ठीक दिसत होती, म्हणून तिच्यावरच लाकडी फळ्या ठोकल्या. चार महिन्यांनी ओलसर, कुबट वास यायला लागला. फळ्या काढल्या, मॅट सोलली. प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हातात आलं. मागच्या चाकाच्या वर पत्र्याला स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला, तर तो आत गेला आणि भोकातून खालची खडी दिसली.

तेव्हा सगळं पत्र्यापर्यंत उखडा. गंज तारेच्या ब्रशने घासा, फॉस्फोरिक ॲसिड असलेलं गंजरोधक द्रावण लावा, पूर्ण वाळू द्या, सडलेल्या जागी नवा पत्रा वेल्ड करा, बोल्टचं प्रत्येक भोक बुजवा आणि मग प्रायमर मारा. यात महिना जाईल, तो जाऊ द्या.

छताचंही तसंच. आतले पत्रे उतरवल्यावर आणि इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा फोम) भरण्याआधी एकाने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, दुसऱ्याने आत बॅटरी आणि खडू घेऊन उभं राहायचं. पाणी खालून वर मारत जा, प्रत्येक पातळीला दहा मिनिटं: आधी खिडक्यांच्या चौकटी, मग वरचे दिवे, शेवटी छताची झडप. एकदम वरून मारलं तर पाणी छताच्या लोखंडी फासळीवरून ओघळत भलतीकडे टपकतं आणि खरी फट सापडत नाही. फटी बुजवायला साधं सिलिकॉन नको. त्यावर रंग धरत नाही आणि पुढच्या वेळी नवा थरही चिकटत नाही. पॉलियुरेथेन सीलंट वापरा.

आपण स्वतः केलेलं पाणी

नोव्हेंबरातल्या पहिल्या मुक्कामाला पहाटे जाग आली तर छताच्या लाकडावर थेंबांच्या सरळ रांगा. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एक थेंब! फासळ्यांच्या मधे फोम होता, पण स्क्रू थेट उघड्या फासळीत गेले होते. बाहेरची थंडी त्यांतून आत येत होती. फासळ्यांवरही फोमची पट्टी हवी आणि पत्र्याला फोम घट्ट चिकटलेला हवा, मधे हवा राहता कामा नये. त्यात आम्ही उघड्या ज्योतीचा प्रोपेन हीटर लावला होता. एक किलो प्रोपेन जळलं की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. हीटर असा घ्या, ज्याची ज्वलनाची हवा बाहेरून येते आणि धूर बाहेर जातो. छताचा झरोका थंडीतही बोटभर उघडा ठेवा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर बसमध्ये एकही रात्र झोपू नका.

टाकीचं पाणी वजनातही मोजा: ४०० लिटर म्हणजे ४०० किलो. ते एका बाजूला किंवा मागच्या एक्सलच्या पार मागे ठेवलं तर स्टिअरिंगला लगेच जाणवतं. वायरिंगला घरातली एकतारी वायर नको, ती हादऱ्यांनी तुटते. बहुतारी घ्या, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नका.

कागदपत्रांचं मात्र बस घेण्याआधीच बघा. विमा कंपनीला आधी फोन करा. अर्धवट झालेल्या बसचा विमा उतरवायला अनेक कंपन्या तयार नसतात. पिवळा रंग, लाल दिवे आणि थांबण्याची पाटी यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. भारतात हा घाट घालणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचावं आणि आरटीओची परवानगी हातात आल्याशिवाय ग्राइंडर लावू नये.

आणि मागचं दार. बहुतेक नकाशांत पलंग तिथेच येतो आणि आणीबाणीचं दार कायमचं बंद होतं. आम्ही पलंग तीस सेंटिमीटर आखूड केला. मग दिवे घालवून, डोळे मिटून, पांघरुणातून उठून दार उघडून बाहेर पडायचं, असं घरातल्या प्रत्येकाने तीनदा केलं. धाकटीला कडी उचलेना, म्हणून कडीला कापडी पट्टा बांधला. तो अजून तिथेच आहे.